पाचव्या पानावरच्या पाच ओळी

मित्रांनो, मला उचलायला दोन माणसे लागतात. एकदा एक तरुण प्राध्यापक मला एकटेच उचलायला गेले आणि त्यांच्या कमरेत अशी उसण भरली की बिचारे तीन दिवस वाकून चालत होते. हे मी जरा तोऱ्यातच सांगतो आहे. वजनाचा मला अभिमान आहे.

मी एका जुन्या वर्तमानपत्राचा खंड आहे. जुलैपासून डिसेंबरपर्यंतचे रोजचे अंक एकावर एक रचले, शिवले, पुठ्ठ्यात बांधले, आणि माझा जन्म झाला. त्याला आता सत्तर वर्षे उलटून गेली. ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत, खालच्या फळीवर मी आडवा पडलेला असतो. उभे राहणे मला आता झेपत नाही. पण एक अख्खे शहर सहा महिने कसे जगले, भांडले, हसले आणि देवापुढे बसले, ते सगळे माझ्या पोटात आहे. वरच्या फळीवरच्या कादंबऱ्यांना हे सांगितले की त्या गप्प बसतात.

माझी अक्षरे शिशाच्या खिळ्यांची आहेत. प्रत्येक अक्षराचा एक खिळा. जुळारी नावाचा माणूस लाकडी खणांतून ते एकेक उचलायचा, ओळी जुळवायचा, आणि त्याचा हात इतका बसलेला असायचा की खणांकडे तो पाहतही नसे. मजकूर रोज नवा जुळवावा लागे. माथ्यावरची तारखेची ओळ मात्र तशीच राखून ठेवलेली असे. तिच्यातला वार आणि आकडा तेवढा रोज बदलायचा. महिन्याचे नाव महिन्यातून एकदाच, पहिल्या तारखेला. मित्रांनो, ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझ्या पोटात काय काय आहे म्हणून सांगू! एक चोर आरामखुर्ची चोरायला गेला आणि कशी आहे ते बघू म्हणून तिच्यात बसला, तो तिथेच घोरू लागला. घरच्या लोकांनी आधी त्याच्या अंगावर पांघरूण घातले आणि मग पोलिसांना बोलावले. दोन धर्मोपदेशक व्याख्यान किती वेळ द्यावे यावरून महिनाभर एकमेकांना पत्रे लिहीत होते, आणि प्रत्येक पत्र आधीच्यापेक्षा लांब होते. कोणत्या गल्लीत नळाला पाणी कधी येणार, कोणाची छत्री कुठे राहिली, कोणाच्या मुलीला शाळेत पहिले बक्षीस मिळाले, सगळे आहे. कापडाच्या एका दुकानाची जाहिरात तर जुलैभर रोज आहे: ‘छिटाचे तागे, एक ऑगस्टपासून उतरत्या भावात. तारीख विसरू नका.’

आणि पाच जुलैच्या अंकात, वाचकांच्या पत्रांत, घंटावाला आहे.

शहराच्या जुन्या पेठेत एक प्रार्थनाघर होते. आजही आहे. तिथे घंटा वाजवणारा माणूस पहाटे आणि सायंकाळी तीन टोले द्यायचा. तशी रीतच होती. पण हा गडी तिसऱ्या टोल्यानंतर थोडा थांबून आणखी एक टोला द्यायचा, हलका. एका वाचकाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याने रागाने लिहिले, की तीनच्या जागी चार टोले हा कसला मनमानी कारभार? संपादकांनी त्या पत्राखाली घंटावाल्याचे उत्तर छापले आहे: ‘तीन टोले वेळेवर येणाऱ्यांसाठी. चौथा उशिरा येणाऱ्यांसाठी. त्यांनाही कुणी बोलवायला हवे.’ पुढच्या आठवडाभर त्या चौथ्या टोल्याच्या बाजूने अकरा पत्रे आली. मला ती सगळी तोंडपाठ आहेत.

आता जे सांगायचे आहे ते सांगताना माझा आवाज खाली जातो. पंधरा जुलैला, सोमवारी, प्रार्थनाघरातला चांदीचा दिवा जागेवर नाही असे लक्षात आले. दाराची किल्ली घंटावाल्याकडे असायची. झाले! मंगळवारी, सोळा तारखेच्या पहिल्या पानावर, अंगठ्याएवढ्या अक्षरांत छापले गेले: ‘घंटावाल्याने दिवा लांबवला.’ बुधवारी पुन्हा. गुरुवारी तिसऱ्यांदा, आणि त्या दिवशी त्याला कामावरून काढल्याचीही बातमी होती. कोणी त्याला विचारले नाही, कोणी दोन दिवस थांबले नाही. ती अक्षरे माझ्याच अंगावर आहेत, मित्रांनो. मी त्यांचे खापर दुसऱ्या कोणावर फोडू शकत नाही.

खरे काय होते ते पुढे पंधरा दिवसांनी कळले. प्रार्थनाघराच्या थोरल्या विश्वस्तांनी स्वतःच तो दिवा फडक्यात गुंडाळून उजळायला दिला होता आणि ते लेकीकडे परगावी निघून गेले होते. सांगून जायला विसरले. भांडी उजळणाऱ्याकडे कामाची अशी रीघ, की त्याला ते गाठोडे सोडायचीही सवड मिळाली नव्हती. थोरले विश्वस्त परत आले, त्यांनी गाव काय बोलते आहे ते ऐकले आणि कपाळावर हात मारला. दिवा परत आला. घंटावाला परत आला नाही. तो तोवर बायको आणि लहान मुलीला घेऊन दूरच्या गावी बहिणीकडे गेला होता.

वर्तमानपत्राने चूक कबूल केली. पण कुठे? पाचव्या पानावर, तिसऱ्या रकान्यात, हरवलेली बदामी छत्री आणि नळाचे वेळापत्रक यांच्या मध्ये. पाच ओळी. मोहरीएवढी अक्षरे. आणि त्यावर कडी म्हणजे तो दिवस होता एक ऑगस्ट. जुळाऱ्याने तारखेच्या ओळीतला वार बदलला, आकडा बदलला, आणि महिन्याचे नाव बदलायचे राहून गेले. चुका शोधणाऱ्याने सबंध अंक डोळ्यांत तेल घालून वाचला, फक्त माथ्यावरची ती ओळ वाचली नाही. तिच्यात काय वाचायचे? त्यामुळे एक ऑगस्टच्या अंकावर छापून आले ‘गुरुवार, १ जुलै’.

वर्षअखेरीस अंकांचा ढीग बांधणी करणाऱ्याकडे गेला. माणूस फार नेटका, त्याने माझ्या पाठीत घातलेला एकही टाका अजून उसवलेला नाही. तो छापलेल्या तारखेप्रमाणे अंक लावत गेला. एक जुलैचे दोन अंक त्याच्या हाती आले. त्या काळी शहराबाहेर टपालाने पाठवायची वेगळी डाक आवृत्ती निघत असे. त्याला वाटले, एक अंक शहराचा आणि दुसरा डाकेचा. त्याने दोन्ही माझ्या अगदी सुरुवातीला शिवले. मग ऑगस्टपाशी आला, तर पहिल्या तारखेचा अंकच नाही. त्याने हळहळून एक चिठ्ठी लिहिली, ‘१ ऑगस्ट. अंक मिळाला नाही’, आणि ती खळीने दोन अंकांच्या मध्ये चिकटवली.

म्हणजे बघा, घंटावाल्यावरचा आरोप माझ्या पोटात आहे, त्याची सुटकाही माझ्याच पोटात आहे. पण सुटका आरोपाच्या आधी जाऊन बसली आहे, आणि तिच्या जागी मी तिला ओळखतच नाही असे सांगणारी चिठ्ठी आहे.

कितीतरी लोक आले. त्या उसणवाल्या प्राध्यापकांनी प्रार्थनाघराच्या इतिहासासाठी मला चाळले. सोळा जुलैचे पहिले पान वाचून त्यांनी वहीत भराभर उतरवून घेतले, चिठ्ठी पाहिली, खांदे उडवले आणि मला मिटले. मला वाचा असती तर मी ओरडलो असतो, अहो, उलटे जा, सुरुवातीला जा! पण खंडाला ओरडता येत नाही. धूळ बसत राहिली. माझ्या कडा पिवळ्या पडल्या, मग तपकिरी, आणि पान उलटताना कपचे पडू लागले.

एका गुरुवारी सकाळी दोन बायका आल्या. एक शिवणकाम करणारी, पन्नाशी उलटलेली, गळ्यात मापाची पट्टी विसरून राहिलेली. दुसरी तिची वहिनी, तिच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी आणि तोंडाने फटकळ. आमच्या ग्रंथपालांनी आणि शिपायाने मला टेबलावर आणून ठेवले. ग्रंथपालांना सगळे हळूसाहेब म्हणतात, कारण कोणी पान उलटू लागले की ते “हळू... हळू...” म्हणत हात पुढे करतात.

“अगं बाई, हा पेपर आहे की गादी?” वहिनी म्हणाली.

“हळू,” हळूसाहेब म्हणाले. “कोपऱ्यात धरायचं. बोटाला थुंकी लावायची नाही.”

शिंपीणबाई घंटावाल्याची नात होती. त्या दोघींच्या बोलण्यातून मला सत्तर वर्षांनी पुढची हकिगत कळली. घंटावाला परगावी दोर वळायचे काम करू लागला आणि दुसऱ्याच वर्षी वारला. त्याची मुलगी मोठी होऊन याच शहरात संसाराला आली, पण अंगठ्याएवढी अक्षरे तिच्या आधीच इथे राहत होती. ‘दिवेचोराची मुलगी’ हे नाव तिला चिकटले ते शेवटपर्यंत. शिंपीणबाई शिवण शिकल्या तेव्हा पहिल्याच गिऱ्हाइकाने कापड देताना त्यांच्यादेखत बटणे मोजली आणि म्हटले, “त्या घरातली ना तू? मोजलेली बरी.”

“तुमची आई त्या दिवशी जेवली नव्हती,” वहिनी म्हणाली.

आता प्रार्थनाघराला शंभर वर्षे होत होती. त्याचा इतिहास छापून निघणार होता आणि त्यात एक ओळ होती: ‘याच वर्षी घंटावाल्याने चांदीचा दिवा चोरला, तो पुढे परत मिळाला.’ शिंपीणबाई प्रार्थनाघराच्या चिटणिसांकडे जाऊन आल्या होत्या. त्यांच्याजवळ आजोबांच्या एका मित्राचे, घड्याळजीचे, जुने पोस्टकार्ड होते. त्यात लिहिले होते, की एक ऑगस्टच्या अंकात पाचव्या पानावर तू निर्दोष असल्याचे छापून आले आहे, अंक पाठवतो. अंक काही पोहोचला नाही. चिटणीस म्हणाले होते, “बाई, मित्र मित्राबद्दल चांगलंच लिहिणार. छापील पुरावा आणा. शनिवारी पुस्तक छापायला जातं, त्यानंतर माझ्याही हातात काही नाही.”

शिंपीणबाईंनी मला थेट जुलैच्या मध्यावर उघडले आणि पुढे उलटत गेल्या. सोळा, सतरा, अठरा. त्या पानांपाशी त्या थांबल्या नाहीत. एकतीस जुलै. आणि मग ती चिठ्ठी.

हळूसाहेबांनी चष्मा पुसला. “दुसऱ्या कोणत्याच ग्रंथालयात हा खंड नाही,” ते म्हणाले. “मी मागेच चौकशी केली होती.”

“चला ताई,” वहिनी हळूच म्हणाली. “आपण काय करणार? आपलं नशीबच तसं.”

माझा जीव तीळ तीळ तुटत होता. शिंपीणबाई उठल्या, पिशवी खांद्याला लावली, आणि पुन्हा बसल्या.

“आई म्हणायची, आजोबांच्या चौथ्या टोल्यावर लोकांनी पेपरात पत्रं लिहिली होती. तेवढी तरी बघते. हात हलवत कशी जाऊ?”

“कोणत्या महिन्यात?” हळूसाहेबांनी विचारले.

“ते माहीत नाही. सुरुवातीपासून बघते.”

मित्रांनो, माझ्या पुठ्ठ्याला घाम फुटत असता तर तेव्हा फुटला असता! त्यांनी मला पहिल्या पानापासून उघडले. एक जुलै, सोमवार. त्या एकेक पान सावकाश उलटत होत्या, आणि शिवणकामवाली बाई ती, कापडाची जाहिरात दिसली की तिची बोटे आपोआप थांबायची. पहिल्या अंकातली छिटाची जाहिरात वाचून त्या पुढे गेल्या. दुसऱ्या अंकातल्या जाहिरातीपाशी आल्या आणि बोट तिथेच राहिले.

“वहिनी, ही छिटं एक ऑगस्टपासून स्वस्त होणार होती ना?”

“आता संपली असतील हो ताई.”

“थट्टा नको. इथं बघा. या अंकात ‘आजपासून’ लिहिलंय. आणि अंक एक जुलैचा.”

“दुकानदारांचं काय, मनाला येईल तेव्हा सुरू करतात.”

“नाही, नाही. एकतीस जुलैच्या अंकात ‘उद्यापासून’ होतं. मी आत्ता वाचलं. दोन ऑगस्टला ‘कालपासून’ आहे. मधलं ‘आजपासून’ इथं कसं आलं? हा तुकडा इथला नाहीच. चुकीच्या जागी शिवलाय कुणीतरी.”

हळूसाहेब वाकले. त्यांनी पहिल्या अंकाचा माथा पाहिला, मग दुसऱ्याचा. “सोमवार... गुरुवार,” ते पुटपुटले. “एकाच तारखेला दोन वार? आणि एक ऑगस्टला त्या वर्षी...” त्यांनी बोटांवर मोजले. मग त्या माणसाने, ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांना हळू हळू म्हणून भंडावून सोडले, त्याने माझी चार पाने एका दमात उलटली. एक कपचा उडाला. मला अजिबात दुखले नाही.

पाचवे पान. तिसरा रकाना. बदामी छत्री, आणि तिच्या खाली:

‘प्रार्थनाघरातील चांदीचा दिवा चोरीस गेला नसून थोरल्या विश्वस्तांनी तो उजळण्यास दिला होता, असे आता कळते. घंटावाल्याचा यात काहीही दोष नाही. तो प्रामाणिक गृहस्थ आहे. झाल्या प्रकाराबद्दल आम्ही दिलगीर आहोत.’

शिंपीणबाईंनी ते मोठ्याने वाचायला घेतले आणि ‘प्रामाणिक’ या शब्दापाशी त्यांचा आवाज फुटला. उरलेले वहिनीने वाचले, एकेका अक्षरावर बोट ठेवून, आणि वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचले. मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. “पानावर पाणी नको,” असे म्हणत हळूसाहेबांनी आपला रुमाल पुढे केला, आणि मग तोच रुमाल परत घेऊन स्वतःचे डोळे पुसले. सत्तर वर्षांत मला इतका आनंद कधी झाला नव्हता. मी जे सांभाळले होते, ते ज्यांचे होते त्यांना मिळाले.

शुक्रवारी दोघींबरोबर चिटणीस स्वतः आले. शिंपीणबाईंनी पाचव्या पानाचा फोटो काढून त्यांना दाखवला होता, पण त्यांना मूळ पान हवे होते. त्यांनी कागद उजेडात धरला, टाक्यांची भोके न्याहाळली, दोन्ही अंकांचे वार ताडून पाहिले. मी ताठ मानेने सगळे करू दिले. पाहा, हवे तितके पाहा!

“आमच्या दप्तरात फक्त ‘दिवा परत मिळाला’ एवढंच आहे,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “त्याचा अर्थ आम्ही, चोरानं आणून दिला, असाच लावत आलो. बाई, आम्ही चुकलो. काय छापू ते सांगा, मी आजच बदलतो.”

“या पाच ओळी आहेत तशाच छापा,” शिंपीणबाई म्हणाल्या. “फक्त अक्षरं मोठी करा.”

“किती मोठी?”

त्यांनी माझी पाने उलटली, सोळा जुलैपाशी आल्या आणि पहिल्या पानावरच्या अक्षराशेजारी आपला अंगठा टेकवला. “एवढी.”

चिटणिसांनी मान डोलावली. वहिनीने मात्र पुरता सूड घेतला. “आणि पहिल्या पानावर हं. छत्रीच्या खाली नको.”

हळूसाहेबांना तो अंक सोडवून योग्य जागी पुन्हा शिवायचा होता. पण माझी पाने आता टाके सहन करणार नाहीत, असे शिंपीणबाईंनीच बोटाने चाचपून सांगितले. मग जुनी चिठ्ठी तशीच ठेवून हळूसाहेबांनी तिच्याखाली दुसरी लावली: ‘अंक आहे. सुरुवातीला पाहावा.’ माझा कणा फाटला होता, त्यावर शिंपीणबाईंनी जाड निळे कापड बेतून बसवले. आता फळीवर माझ्याइतका देखणा कोणी नाही.

मित्रांनो, आम्हा जुन्या खंडांना जागा फार लागते, आमच्यातून धूळ उडते, शिंका येतात, हे मला मान्य आहे. काही ठिकाणी आम्हाला रद्दीत काढतात. तसे करू नका. आमच्यात माणसांची नावे ठेवलेली असतात, आणि ती न्यायला कोण कधी येईल ते सांगता येत नाही. आम्हाला कोरड्या जागी ठेवा, कोपऱ्यात धरून उलटा, आणि पहिल्या पानावरची मोठी अक्षरे वाचून मिटू नका. पाचव्या पानापर्यंत या.

शंभरीच्या समारंभाला मला नेता आले नाही. मला ग्रंथालयाबाहेर न्यायला परवानगी नाही. पण त्या दिवशी सायंकाळी हळूसाहेबांनी मागच्या खोलीची खिडकी सताड उघडली आणि माझ्याशेजारी खुर्ची ओढून ते बसले. शिंपीणबाईंनी चिटणिसांकडे एकच गोष्ट मागितली होती: त्या दिवशीची घंटा त्यांना वाजवू द्यावी.

घरांच्या छपरांवरून पहिला टोला आला. मग दुसरा. मग तिसरा. रस्त्यावरची माणसे नेहमीप्रमाणे चालू लागली. हळूसाहेब हलले नाहीत, मीही हललो नाही.

थोड्या वेळाने चौथा टोला आला, हलका.